देह, मुख आणि मात्रा : देवनागरी खिळ्याच्या परिभाषेचा काही इतिहास

मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा छापखान्यांच्या स्थापनेच्या तारखा, पहिल्या ग्रंथांची नावे आणि संस्थापकांची चरित्रे यांवर भर दिला जातो. ते आवश्यक आहेच. परंतु ज्या लहानशा धातूच्या तुकड्यावर ही सारी इमारत उभी राहिली, त्याच्या अंगोपांगांना कोणती नावे होती, त्या नावांमागे अक्षराविषयीची कोणती कल्पना होती आणि ती कल्पना आपल्या लिपीस कितपत मानवली, याचा विचार क्वचितच झाला आहे. प्रस्तुत टिपणात तेवढ्यापुरताच प्रयत्न केला आहे. मुद्रणाची परिभाषा युरोपातून आली. ती रोमन लिपीच्या मापाने बेतलेली होती. देवनागरी तिच्यात बसेना, तेव्हा झीज कोणी सोसावयाची, लिपीने की यंत्राने, हा प्रश्न सुमारे चार शतके आपल्यासमोर राहिला. त्याचे उत्तर वेळोवेळी निरनिराळे दिले गेले, आणि प्रत्येक उत्तराची खूण आपल्या अक्षरांच्या वळणावर उमटली आहे.

प्रथम संज्ञा पाहू. जुळारी ज्यास खिळा म्हणतो तो शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा एक चौकोनी ठोकळा. त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर उठावात असते. त्यास मुख म्हणावयाचे, आणि ज्या ठोकळ्यावर ते बसले आहे त्यास देह. सर्व खिळ्यांची उंची एकसारखी हवी, नाहीतर एक अक्षर कागदात रुतेल आणि शेजारचे उमटणारच नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या प्रघाताप्रमाणे ही उंची ०.९१८ इंच ठरली. देहाची जाडी पॉइंटांत मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग, आणि बारा पॉइंटांचा एक पायका. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. बारा पॉइंटांचे अक्षर असे आपण म्हणतो, तेव्हा ते माप अक्षराचे नसून देहाचे असते. मुख देहावर किती जागा व्यापील हे अक्षर कोरणाराच्या हाती. म्हणूनच एकाच मापाचे दोन खिळे कागदावर लहानमोठे दिसू शकतात.

खिळा ओतण्यापूर्वी दोन पायऱ्या असतात. पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटे कोरतो. हा पंच, म्हणजे मूळ ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की सुलट खोलगट छाप उठतो; ती मातृका. मातृका साच्यात बसवून वितळलेला धातू ओतला की खिळा निपजतो, आणि एका मातृकेतून हवे तितके निपजतात. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी येथे योजलेला शब्द किती समर्पक आहे पाहा. युरोपीय भाषांतील मूळ शब्दही लॅटिनमधील मातेच्या वाचकापासूनच आलेला. आणि संस्कृतात मातृका म्हणजे माता खरीच, पण मंत्रशास्त्रात तोच शब्द वर्णमालेचाही वाचक आहे. परिभाषेचे भाषांतर इतके सुखाने क्वचितच जमते.

एका वळणाच्या व एका मापाच्या सर्व खिळ्यांच्या समूहास फाँट म्हणतात. हा शब्द ओतणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून निघाला. ते खिळे लाकडी पेट्यांत, घराघरांत वाटून ठेवलेले असतात. इंग्रजी मोठी अक्षरे वरच्या पेटीत आणि लहान खालच्या पेटीत असत, म्हणून त्यांना अपर केस व लोअर केस अशी नावे पडली. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत, म्हणून ओळींतील अंतरास लेडिंग म्हणू लागले. आज शिसेही नाही आणि पेटीही नाही, पण शब्द टिकून आहेत. संज्ञा वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतात, याची अशी उदाहरणे अन्य कारागिरीतही सापडतील.

आता मुख्य अडचण. रोमन अक्षर एका पायारेषेवर उभे राहते. काहींचे माथे वर जातात, काहींच्या शेपट्या खाली उतरतात, परंतु एक अक्षर म्हणजे एक खिळा हे समीकरण मोडत नाही. खिळे ओळीने शेजारी शेजारी उभे केले की शब्द झाला. देवनागरी अक्षर पायावर उभे नसून शिरोरेषेपासून लोंबते. शिवाय त्याची रचना एकाच दिशेने होत नाही. काना उजवीकडे, ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, मात्रा व अनुस्वार डोक्यावर, उकार पायाशी. जोडाक्षर कधी आडवे तर कधी उभे. बोरूने लिहिणाऱ्यास यात काहीच अवघड नाही, कारण हात कागदावर कोणत्याही दिशेने फिरू शकतो. धातूचा ठोकळा मात्र दुसऱ्या ठोकळ्याच्या डोक्यावर चढू शकत नाही. आपल्या अक्षर या संकल्पनेत व्यंजन व स्वर मिळून एक एकक होते. मुद्रकाच्या हिशेबी एकक म्हणजे एक देह. या दोन एककांचा मेळ बसविणे हाच देवनागरी मुद्रणाच्या इतिहासाचा गाभा होय.

ही अडचण सर्वप्रथम ज्यांना जाणवली त्यांत फादर टॉमस स्टीफन्स यांचे नाव घ्यावे लागेल. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली आले. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात या भूमीच्या भाषेत व लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा व्यक्त केली आणि आड येणारे कारणही सांगितले : युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे ते सहाशेच्या घरात लागतील. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. ओवी मराठी, शब्दकळा मराठी, लिपी मात्र परकी. या विसंगतीमागे धर्मप्रचाराची सोय होती, तसेच हे सहाशेचे गणितही होते. पुढे सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीमार्फत मुद्रक मागविला. हेन्री हिल्स १६७४ साली आला, पण त्यास देशी अक्षरे कोरून ओतता येईनात. छापणे आणि अक्षर घडविणे या दोन भिन्न विद्या आहेत, हे भीमजींस असे खर्च करून कळले.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट वाटते. खिळ्यांची संख्या मोठी असणे हा केवळ पौर्वात्य लिपींचा दोष, असे पुढील काळात मानले गेले. परंतु गुटेनबर्गने पंधराव्या शतकाच्या मध्यास बायबल छापले तेव्हा त्याच्या संचातही सुमारे २९० निरनिराळी रूपे होती. लेखकांच्या हस्ताक्षरातील जोडरूपे व संक्षेप त्याने शिशात जसेच्या तसे उतरविले होते. पुढे युरोपीय मुद्रकांनी ती हळूहळू टाकून दिली. म्हणजे रोमन लिपीची साधी पेटी ही लिपीची उपजत देणगी नव्हे. काही अंशी ती मुद्रणाने केलेली काटछाट आहे.

देवनागरीचे सुटे खिळे प्रथम युरोपातच घडले. रोम येथील प्रोपागांडा फिदे या संस्थेने १७७१ साली काढलेल्या आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम या पुस्तकात ते वापरलेले दिसतात. हिंदुस्थानात चार्ल्स विल्किन्स याने १७७८ मध्ये हुगळी येथे छापलेल्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठी अक्षरे घडविली, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पंचानन कर्मकार या कारागिराने ही विद्या श्रीरामपूरच्या मिशनकडे नेली. तेथे देवनागरीसाठी सुमारे सातशे पंच लागतील असा अंदाज होता. ते काम अर्ध्यावर असता पंचानन वारला आणि त्याचा जावई मनोहर याने ते पुढे चालविले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, आणि १८१० चा त्यांचा मराठी कोश मोडीत. मोडीचे खिळे ही धाडसाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. मोडी ही धावती लिपी. हात न उचलता लिहिण्यात तिचे सारे मर्म. तिला तुकड्यांत तोडून पुन्हा जोडणे म्हणजे वाहत्या पाण्याच्या विटा पाडण्यासारखे. मोडी पुढे शिळाछापावरच अधिक रमली, यात नवल नाही.

मुंबईचा इतिहास निराळा आहे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली येथे आले व १८१७ पासून त्यांच्या छापखान्यात मराठी मजकूर छापू लागला, तो प्रथम बंगालकडून आणलेल्या खिळ्यांवर. त्या अक्षरांचे वळण मराठी वाचकाच्या डोळ्यांस परके होते, आणि आकारही मोठा. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम या कारागिराने पुढे नवीन मराठी अक्षरे कोरली. दरम्यान शिळाछापाने एक वेगळीच वाट दाखविली होती. दगडावर लिहावयाचे असल्याने तेथे देह नाही, मातृका नाही, सहाशेचा हिशेब नाही. सुलेखनकाराचे वळण जसेच्या तसे उतरते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली छापील पंचांग काढले ते शिळाप्रेसवर. पोथीची लांबरुंद पाने, काठांच्या रेषा, ठसठशीत बाळबोध अक्षर हे सर्व शिळाछापात सहज साधत असे, आणि छापील पोथीविषयी साशंक असलेल्या वाचकासही ते ओळखीचे वाटे. प्रस्तुत लेखकाच्या मते, या शिळाछापील पुस्तकांनी मुंबईच्या खिळे करणाऱ्यांपुढे एक कसोटी ठेवली. अक्षर शिशातून आले तरी ते चांगल्या लेखकाच्या बोरूतून उतरल्यासारखे दिसले पाहिजे, ही अपेक्षा बंगालपेक्षा मुंबईत अधिक कडक राहिली ती बहुधा यामुळेच.

ही अपेक्षा ज्यांनी पुरी केली त्यांत जावजी दादाजी अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८३९ चा. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, ग्रॅहमच्या हाताखाली, ओतलेले खिळे घासण्याचे काम त्यांनी केले. साच्यातून निघालेल्या खिळ्याची कड घासून देह सारखा करणे हे काम पोरांचे समजले जाई. परंतु देह म्हणजे काय हे बोटांना कळण्यास त्याहून चांगली शाळा नसावी. १८६४ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि त्यातूनच निर्णयसागर छापखाना उभा राहिला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी पंच कोरण्यात निष्णात होते. जावजी १८९२ मध्ये वारले, तेव्हा निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ हिंदुस्थानभर आणि युरोपातील पंडितांकडेही पोहोचले होते. काव्यमाला ही ग्रंथमाला १८८६ पासून निघू लागली. तिच्याबरोबर मुंबईचे वळणही सर्वत्र गेले. अ, झ, ण, ल, श आणि ५, ८, ९ या चिन्हांची मुंबई व कलकत्ता येथील रूपे वेगळी होती. पुढे हिंदीच्या प्रमाणलिपीतही अ, झ आणि ण ही मुंबई वळणाची रूपे स्वीकारली गेली. हा निर्णय समित्यांनी विसाव्या शतकात दिला खरा, पण त्याची पूर्वतयारी खिळे ओतणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात करून ठेविली होती.

या कारखान्यांनी देहाचा प्रश्न दोन प्रकारे सोडविला. एक अखंड पद्धत : व्यंजनासह उकार, मात्रा इत्यादी एकाच देहावर ओतावयाची. अक्षर सुबक व भक्कम येते, पण खिळ्यांची संख्या फुगते. दुसरी डिग्री पद्धत : अक्षराचा मुख्य भाग लहान देहावर, आणि वरच्या व खालच्या चिन्हांचे वेगळे छोटे खिळे, एका ओळीसाठी जुळाऱ्यास जणू तीन ओळी जुळवाव्या लागत. संख्या घटते, पण मेहनत वाढते, आणि शिरोरेषा व मात्रा यांच्यामध्ये बारीक फट राहण्याचे भय असते. तिसरा उपाय म्हणजे मात्रेचा भाग देहाबाहेर लोंबता ठेवून शेजारच्या खिळ्यावर टेकविणे. इंग्रजी परिभाषेत त्यास कर्न म्हणतात. असे लोंबते भाग दाबाखाली मोडून पडत, आणि मग छापील पानावर मात्रेवाचून उघडे पडलेले अक्षर दिसे. जुन्या पुस्तकांतील कित्येक अशुद्धे लेखकाच्या वा मुद्रितशोधकाच्या माथी मारली जातात. त्यांतील काही तरी या मोडक्या कर्नांची असावीत. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये.

इंग्रजी जुळाऱ्यापुढे दोन पेट्या, तर देवनागरी जुळाऱ्याभोवती बहुधा चार. त्याने डोळे न वळविता कोणते घर कोठे आहे हे जाणावे लागे. हातजुळणी होती तोवर ही उणीव मनुष्याच्या स्मरणशक्तीने व अल्प वेतनाने भरून निघाली. मग यंत्रजुळणी आली. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा. मोनोटाइपच्या मातृकापेटीत प्रथम १५ गुणिले १५ म्हणजे २२५ घरे. टंकलेखन यंत्रावर तर चिन्हांची मर्यादा नव्वदीच्या आसपास. येथे स्मरणशक्तीचा उपयोग नव्हता. यंत्र बदलत नाही, तेव्हा लिपी बदला, असा विचार या घटकेला बळावला.

त्याची सुरुवात खरे तर याच्याही आधीची. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीच केले होते. सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारली : इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र स्वरचिन्हे टाकून अ लाच वेलांटी व उकार द्यावयाचे. काका कालेलकरांनीही त्याच दिशेने उद्योग केला. हिंदी साहित्य संमेलनाने १९३५ मध्ये, उत्तर प्रदेश सरकारने १९४७ मध्ये समित्या नेमल्या. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडून उजवीकडे आणून तिचा दंड आखूड करण्याची शिफारस केली. उच्चारक्रमाशी ती जुळत होती, यंत्रालाही सोयीची होती. वाचकांस मात्र रुचली नाही, आणि काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. याच काळात हरी गोविल यांनी अमेरिकेत लायनोटाइपसाठी देवनागरी बेतली, आणि शंकर रामचंद्र दाते यांनी मोनोटाइपच्या अंगाने या प्रश्नाचा विचार केला.

सुधारकांवर आज दोष ठेवणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढील पेच खरा होता. वृत्तपत्र स्वस्त हवे, शाळेची पुस्तके लाखांनी हवीत, कचेरीचा कारभार मराठीत हवा, आणि हे सर्व ज्या यंत्रांवर व्हावयाचे ती परक्या लिपीच्या मापाची. लिपी आखडली नाही तर भाषाच मागे पडेल ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. चूक झाली असेल तर ती निराळ्या ठिकाणी : यंत्राची तत्कालीन मर्यादा त्यांनी कायमची समजली. लक्ष्मण श्रीधर वाकणकर यांच्यासारख्या लिपिज्ञांनी प्रश्न उलट बाजूने पाहिला. देवनागरीतील घटकांची रचना मुळात शास्त्रशुद्ध आहे, ती यंत्राने ओळखावी, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा गणेशविद्या हा ग्रंथ १९६८ चा.

पुढील घडामोडींनी ही बाजू खरी ठरविली. प्रकाशजुळणीने धातूचा देह नाहीसा केला, आणि संगणकाने तर एककाची व्याख्याच बदलली. १९९१ च्या आय. एस. १३१९४ या भारतीय मानकात व त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये सांकेतिक क्रमांक वर्णाला आहे, आकृतीला नाही. क, हलन्त आणि ष हे तीन संकेत साठविले जातात. क्ष ही आकृती अक्षरसंच आपल्या नियमांनी काढून देतो. वेलांटी उच्चारक्रमाने नंतर साठविली जाते आणि डोळ्यांना मात्र डावीकडेच दिसते. लखनौ परिषदेस जे वाचकांच्या डोळ्यांवर लादावे लागले ते येथे पडद्याआड आपोआप होते. वर्ण निराळा आणि त्याची आकृती निराळी, हा भेद आपल्या शिक्षाग्रंथांस व वैयाकरणांस नवा नाही. छापखान्याला तो उमगण्यास मात्र फार काळ लागला. आज एखाद्या देवनागरी अक्षरसंचात सहाशेहून अधिक आकृत्या असल्या तरी त्याचे कोणास ओझे वाटत नाही.

देह गेला, पण त्याची सावली उरली आहे. संगणकावर अक्षरसंचाचे माप आजही पॉइंटांतच सांगतात आणि ते आजही एका काल्पनिक देहाचेच असते. वर मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार व जोडाक्षरे यांना जागा ठेवावी लागल्याने त्याच मापात देवनागरीचे मधले अंग रोमनपेक्षा लहान पडते. इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी बसविणाऱ्या प्रत्येकास याचा प्रत्यय येतो. बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते असेच दोन भाषांच्या दोन स्तंभांत. म्हणजे मराठी वृत्तपत्राच्या जन्माबरोबरच हा प्रश्नही जन्माला आला होता.

वळणाचा वादही मिटलेला नाही, केवळ त्याची दिशा फिरली. मुंबईचे अ, झ, ण उत्तरेस गेले. संगणकाबरोबर उत्तरेकडील दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श महाराष्ट्रात आले. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत एक रूप व पडद्यावर दुसरे, अशी स्थिती झाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही रूपे निश्चित केली. ही दोन्ही रूपे मुंबईच्या खिळेकारांनी शिशात स्थिर केलेल्या वळणाची आहेत.

मराठीपुरता आणखी एक प्रश्न उल्लेखावयाचा राहिला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे पर्वतांमधील घळी. दोहोंतील भेद केवळ र च्या आकृतीवर अवलंबून आहे. हिंदीस या दुसऱ्या रूपाची गरज नाही, म्हणून उत्तरेकडे बेतलेल्या संचांत ते वगळले गेले तर कोणाच्या ध्यानातही येत नसे. युनिकोडने त्याची सोय दाक्षिणात्य भाषांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या ऱ या वर्णाकडून करून घेतली : त्यास हलन्त जोडला की मराठीचा हा आडवा र मिळतो.